तीन मण्यांचा फरक

“मिस, पाहुण्यांसाठी पुढचं दार. मागच्या दारी फक्त डुक्कर आहे.”

“मी डुकरासाठीच आलेय,” जुलियाना म्हणून गेली, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच कानापर्यंत लाल झाली.

बोलणारा तरुण हसला नाही. हसू दाबायला त्याने चष्मा काढून पुसला, एवढंच. निर्मळच्या त्या घरात उद्या लग्न होतं. पुढच्या अंगणात मांडव सजत होता, बायका पीठ मळत गाणी म्हणत होत्या, आणि मागे केळीच्या आडोशाला लग्नाचं डुक्कर कापलं जात होतं. वसईच्या ख्रिस्ती घरात लग्न म्हटलं की आदल्या दिवशी हे आलंच. अशा ठिकाणी बर्फाची बादली घेऊन, इस्त्रीच्या साडीत उभी राहिलेली अनोळखी मुलगी म्हणजे सगळ्यांना फुकटचा तमाशा होता.

“सगळं नकोय हो,” तिने सावरून घेतलं. “आतलं थोडंसं. जठराच्या मागे एक लांबट, फिकट ग्रंथी असते... स्वादुपिंड.”

“त्याच्यावर आमच्या मांजरीचा हक्क आहे.”

“मग मांजरीला सांगा, औषधासाठी हवंय. त्यातून इन्सुलिन काढतात. मधुमेहाचं.”

त्याच्या चेहऱ्यावरची सगळी थट्टा एकदम गेली. तो वळला, कापणाऱ्या काकांजवळ उकिडवा बसला आणि तिने दाखवली ती ग्रंथी स्वतःच्या हाताने हळूच सोडवून त्याने बर्फावर ठेवली. एखादं तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तशी.

“प्लासिड,” तो हात धुताना म्हणाला. “नवरीचा भाऊ. शाळेत गणित शिकवतो. आणि तुम्ही?”

“जुलियाना. सांडोरची.”

“सांडोरच्या मुली लग्नघरातून आहेर म्हणून हेच नेतात का?”

“ज्याची जशी ऐपत,” ती म्हणाली, आणि यावेळी मात्र तो मोकळा हसला.

त्या हसण्याने तिचं काय झालं ते तिला सायकलवरून घरी जाताना कळलं. बादली नीट झाकली आहे की नाही हे बघायला ती वाटेत पुन्हा पुन्हा उतरत होती, आणि बादलीकडे न बघताच पुन्हा चढत होती.

चौऱ्याऐंशी सालचा तो जानेवारी. जुलियाना रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन वसईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात लागली होती. कारखाना जनावरांच्या ग्रंथींपासून पचनाची पावडर बनवायचा. पण तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ जयराम सर यांच्या डोक्यात एक वेगळंच खूळ होतं. डुकराचं, अगदी शुद्ध इन्सुलिन बनवायचं! बाजारात मिळायचं ते गुरांच्या ग्रंथींचं, आणि त्यात नको तो गाळही असायचा. परदेशातलं शुद्ध औषध आपल्याकडे येतच नव्हतं. डुकराच्या ग्रंथी आणायच्या कुठून, हा प्रश्न मात्र सरांना सुटेना. तो जुलियानाने सोडवला होता. “सर, आमच्याकडे लग्नं कमी आहेत का?”

मालकाने कपाळाला आठ्या घालून होकार दिला, पण मुदत घालून. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागून उपवासकाळ सुरू झाला की ईस्टरपर्यंत वसईत ना लग्न, ना डुक्कर. तोवर माल जमवा, एक बॅच काढून दाखवा, नाही तर खेळ बंद. तसंही परदेशात म्हणे आता जिवाणूंकडून थेट माणसाचंच इन्सुलिन करून घेतात, डुकरांच्या मागे किती दिवस धावणार, असं तो म्हणायचा. पण ते नवं औषध भारतात कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सांडोरच्या चर्चबाहेर प्लासिड स्कूटर घेऊन उभा दिसला.

“गास गावाला लग्न आहे. त्याच्या पुढच्या दिवशी नंदाखालला. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

“तुम्हाला कसं कळलं, मला...”

“मिस, मी गणिताचा मास्तर. लग्नं मोजली. सायकलवर तुमची बादली वितळेल.”

बादली काय वितळायची! पण ती मुकाट्याने मागे बसली. मग तो सगळा हंगाम तसाच गेला. केळीच्या पानांवरून दव ठिबकत असायचं, थंडीने तिचे दात वाजायचे आणि तो मुद्दाम खड्ड्यांतून स्कूटर घालायचा.

“खांदा धरा. पडाल.”

“मी पडत नाही.”

“बादली पडेल हो. तुमचं कोण बोलतंय?”

मग ती खांदा धरायची. गावोगावच्या मागच्या दारी आता त्यांना ओळखू लागले होते. “आले बघा बर्फवाले,” म्हणून बायका पदराआड हसायच्या आणि दोघांच्या हातात चहा ठेवायच्या. प्लासिड चहा बिनसाखरेचा मागायचा, मिठाईचं ताट पुढे आलं की कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकायचा. जुलियानाला वाटायचं, काय साधा माणूस आहे! ती शिकलेली होती, त्याच रोगाच्या औषधावर दिवसभर खपत होती, आणि तिला हे दिसलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला समोरचं सोडून बाकी सगळं दिसतं.

एकदा तो कारखान्यात आला. तिने त्याला सगळं फिरून दाखवलं. ग्रंथी वाटून आम्लात आणि अल्कोहोलमध्ये भिजवायच्या. गाळायचं, चरबी काढायची, मीठ घालून हवं ते खाली बसवायचं. मग काचेच्या उंच नळीत भरलेल्या बारीक दाण्यांमधून ते थेंबाथेंबाने उतरू द्यायचं. मोठे गाळकण वेगळ्या वेळी उतरतात, इन्सुलिन वेगळ्या वेळी.

“आणि हे इन्सुलिन म्हणजे नक्की काय?”

“पेप्टाइड. मण्यांची छोटीशी माळ समजा. गुरांच्या आणि माणसाच्या माळेत तीन मण्यांचा फरक. डुकराच्या आणि माणसाच्या माळेत फक्त एकाचा.”

“म्हणजे माझ्यात आणि डुकरात एका मण्याचा फरक?”

“काहींच्यात तेवढाही नसतो.”

तो हसला, पण नळीतून पडणाऱ्या थेंबांवरची त्याची नजर हलेना. “तीन मणी,” तो पुटपुटला. “एवढ्यावरून शरीर ओळखतं... कमाल आहे.”

फेब्रुवारीत एक दिवस अवकाळी सर आली. नंदाखालहून येताना दोघं चिंब भिजले आणि एका वाडीतल्या पंपाच्या खोपीत शिरले. कौलांवर पाणी तडतडत होतं. जुलियाना केस पिळत होती, आणि तो... तो तिच्याकडे बघत होता. तिने वर बघितलं तसं त्याने नजर वळवली. त्याचा पांढरा सदरा अंगाला चिकटला होता. बाहीतून त्याचा दंड स्पष्ट दिसत होता, आणि दंडावर खळगे होते. जणू आतलं मांस कुणी चमच्याने काढून घेतलं होतं.

जुलियानाने पुस्तकात वाचलं होतं ते. वर्षानुवर्षं अशुद्ध इन्सुलिन टोचल्यावर असं होतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“शाळेत होतो तेव्हापासून.” त्याने चिकटलेली बाही दंडापासून सोडवून घेतली. “मला वाटलं होतं, तू तज्ज्ञ आहेस, पहिल्याच दिवशी ओळखशील.”

‘तू’ म्हणाला तो. ज्या शब्दाची इतके दिवस वाट बघितली तो असा आला.

मग पाऊस थांबेपर्यंत त्याने सगळं सांगितलं. गुरांचं इन्सुलिन त्याच्या शरीराने परकं म्हणून ओळखलं होतं. आता शरीर औषधाशीच भांडत होतं. डोस वाढतच चालला होता आणि गुण कमी कमी. आखातात असलेल्या चुलतभावाने एकदा परदेशी, डुकराचं शुद्ध इन्सुलिन पाठवलं होतं. ते होतं तोवर तो नव्यासारखा झाला होता. मग भाऊ परत आला, औषध संपलं. आता मूत्रपिंडं थकली आहेत, असं मुंबईचे डॉक्टर म्हणत होते.

“म्हणून तू माझ्याबरोबर फिरत होतास? औषधासाठी?” तिचे डोळे भरले.

“पहिल्या दिवशी हो.”

“आणि नंतर?”

“नंतर... औषधाचं विसरायला होत होतं. तेच वाईट झालं.” त्याने चष्मा पुसायला घेतला. “जुलियाना, एक कर. माझ्या आयला कळू देऊ नकोस. मला साखर आहे, मी सुई घेतो, एवढंच तिला ठाऊक आहे. गुरांचं औषधच मला चालत नाही, हे तिला कधी बोललो नाही. पप्पा गेल्यापासून ती तशीही खचलीये.”

तिने मान हलवली. त्या मान हलवण्याची केवढी किंमत पडणार आहे, हे तिला तेव्हा कळलं असतं तर!

तिने जयराम सरांना सगळं सांगितलं. सरांनी मुंबईच्या त्या डॉक्टरांशी बोलणं केलं. बॅच शुद्ध निघाली, सशांवरच्या चाचण्यांत उतरली, तर डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली ती प्लासिडला द्यायला तयार झाले. आता ते सरांचं खूळ राहिलं नव्हतं. राखेच्या बुधवारापर्यंत जेवढं जमेल तेवढंच. त्यात प्लासिड जगणार होता किंवा नव्हता.

शेवटच्या दिवसांत लग्नांची नुसती झुंबड उडाली. एकाच दिवशी किती गावं करणार? तेव्हा प्लासिडची आई, आग्नेसबाई, स्वतःहून पुढे आली. अंगाने लहानखुरी, बोलायला फटकळ.

“माझ्या पोराचं औषध आणि मी घरात बसून राहू? दे गे बाय ती बादली. निर्मळ, भुईगाव माझ्याकडे.”

जुलियानाने तिला बर्फ किती घालायचा ते सांगितलं, झाकण कसं लावायचं ते सांगितलं. लग्नघरातून डुकराशिवाय दुसरं काय येणार? डुकराचीच ग्रंथी हवी, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आग्नेसबाईची बादली काठोकाठ भरून आली. सोरपोतेलाच्या कालवणासाठी चिरतात तसं तिने सगळं स्वच्छ धुऊन, बारीक चिरून आणलं होतं. जुलियाना हसली. “अहो, चिरायचं कशाला?” “तुझे हात तेवढेच वाचले ना?” म्हातारी म्हणाली. सगळा माल एकत्र पिंपात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुलियाना कपाळावर राख लावून कामाला लागली.

दोन आठवडे ती त्या काचेच्या नळीपाशी बसून होती. थेंब पडत होते, आणि ती प्रत्येक थेंबामागे मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणत होती. शेवटी जस्ताचा क्षार घालून स्फटिक बसले. तिने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. लखलखीत, कोरीव खडे! थेट खडीसाखरेसारखे. साखरेच्या रोग्याचं औषध आणि दिसायला खडीसाखर, हे प्लासिडला सांगायचं म्हणून ती धावतच सुटली.

प्लासिड शाळेत होता. घरी आग्नेसबाई होती. बातमी ऐकून तिने जुलियानाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडली, हसली, पुन्हा रडली.

“बरं झालं गे बाय, मी डोकं चालवलं. लग्नघरांतून निघालं ते एवढंसंच. माझा जीव कळवळला. म्हटलं, पोराला कमी पडलं तर? मग गेले पापडी गावच्या बाजारात, कसायाला म्हटलं, रेड्यांची सगळी काढून दे. ती बघ कशी मोठी मोठी निघाली! त्यानेच बादली भरली.”

जुलियाना ओसरीवर बसली. वाटून एकजीव झालेला माल. दोनच मण्यांचा फरक असलेल्या दोन माळा, एकाच मापाच्या, एकाच वेळी नळीतून उतरणाऱ्या. त्यांच्याकडच्या कुठल्याही नळीने त्या आता वेगळ्या होणार नव्हत्या.

“काय गे झालं? चक्कर आली?”

“नाही,” जुलियाना म्हणाली. “उपवास आहे ना.”

जयराम सरांनी ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला. त्या खड्यांत आता गुरांचंच इन्सुलिन जास्त होतं. इतर रोग्यांना ते चाललं असतं, प्लासिडला नाही. मालकाने तर फार विचारही केला नाही. प्रयोग बंद. ईस्टरनंतर डुकरं असतील, पण त्यांच्यासाठी बर्फाची बादली घेऊन कुणी जाणार नव्हतं.

निर्मळच्या तळ्याकाठी तिने प्लासिडला सांगितलं. त्याने चष्मा काढला नाही. पाण्याकडे बघत तो शांतपणे ऐकत राहिला.

“तू आयला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. कधीच नाही. तिने मला वाचवलं असंच तिला वाटू दे.”

“माझंच चुकलं. मी बोलायला हवं होतं... तुला दिलेला शब्द मोडायला हवा होता.”

“शब्द मी मागितला होता, जुलियाना. मीच तिला अंधारात ठेवलं. आता तुझं, माझं, तिचं असं वाटून घेऊन काय होणार? एकच बॅच आहे ती.”

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. तळ्यावर बगळे उतरत होते. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत मागून गेलं.

“डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारलं.

“पुढच्या नाताळचा केक कापायला बोलावेन असं काही ते म्हणाले नाहीत.”

“थट्टा करू नकोस.”

“मग काय करू? दुसरं काही येत नाही मला.” तो थांबला. “आता रोज सकाळी सुई घेताना आय येऊन विचारणार, हेच ना ते नवं औषध? रोज खोटं बोलावं लागेल.”

“तुला खोटं बोलता येत नाही. लगेच चष्मा पुसायला लागतोस.”

“मग कोण बोलणार?”

“मी.”

“रोज सकाळी? तू सांडोरला राहतेस.”

“तेच तर म्हणतेय.”

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो उठून उभा राहिला. “नाही! वेड लागलंय तुला. मला वर्षसुद्धा... आणि तुझं पुढे सगळं आयुष्य पडलंय. तुझ्या घरचे काय म्हणतील?”

“रडतील. मग ऐकतील.” तीही उठली. “सगळं तूच ठरवणार का रे? आयला काय सांगायचं ते तू, मला काय झेपेल तेही तू. तुझ्या त्याच ठरवण्याने बघ काय झालं ते! माझं प्रेम आहे तुझ्यावर. ते वाया गेलेल्या बॅचमध्ये धरू नकोस.”

त्याने तिचा हात घेतला, आणि पहिल्यांदाच, दिवसाउजेडी, लोक बघत असताना, तो हात आपल्या कपाळाशी धरून तो रडला.

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “मागच्या दारी उभी होतीस तेव्हापासून... फक्त बोलायचा हक्क नाही असं वाटत होतं.”

उपवासकाळात लग्न लागत नाही. पण फादरांनी डॉक्टरांचा कागद बघितला, बिशपांकडे शब्द टाकला. एका साध्या सकाळी, वेदीवर फूल नाही, बँड नाही, मांडव नाही, अशा चर्चमध्ये दोघांनी एकमेकांना होकार दिला. जुलियानाची आई मागच्या बाकावर पदराला डोळे पुसत होती. आग्नेसबाई मात्र गाल फुगवून होती. “एवढी काय घाई? ईस्टरनंतर थाटात केलं असतं. आता काय पोराला चांगलं औषध आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जुलियानाने काचेची सिरिंज उकळली. दुकानातून आणलेल्या नेहमीच्या बाटलीवरचा कागद तिने आधीच भिजवून काढून टाकला होता. प्लासिड खाटेवर बाही वर करून बसला होता. ती औषध भरत असतानाच आग्नेसबाई दारात येऊन उभी राहिली.

“हे तेच ना गे? आपण जमवलेलं?”

प्लासिडने खिडकीकडे मान वळवली.

“हो, आय,” जुलियाना म्हणाली. “तुम्ही जमवलेलंच.”

म्हातारीने क्रुसाची खूण केली. जवळ येऊन तिने लेकाच्या केसांवरून हात फिरवला, बाटलीकडे डोळे बारीक करून बघितलं.

“एवढीशीच बाटली. पुरेल ना गे त्याला?”

जुलियानाने दंडावर न खचलेली जागा शोधली. प्लासिडने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

“पुरेल, आय,” ती म्हणाली. “त्याला जन्मभर पुरेल.”

आणि तिने सुई टोचली.